छपराचा साकव : वरचं काम चोख, बुडाशी घोळ

गुहागर-दापोली पट्ट्यात आगरातल्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, लाकडी, कौलारू साकव (छोटे पायपूल) बांधून देणारी सुतारांची एक टोळी सध्या मागणीत आहे. जुनी घरं पाडून स्लॅब पडतायत, त्यांचं पिकलेलं लाकूड बाजारात येतंय, होमस्टेवाल्यांना फोटोत उठून दिसेल असं काहीतरी हवंय. या लोकांनी हे सगळं एकत्र बांधून धंदा उभा केला. त्यांचे दोन साकव इथे तपासले आहेत. एक गेल्या उन्हाळ्यात उभा राहिलेला, दुसरा चार पावसाळे काढलेला. नवा पाहून कुणीही खूश होईल. पण काम द्यायचं की नाही, ते जुना पाहून ठरवावं.

साकवावर छप्पर कशाला, याचं उत्तर बहुतेक जण चुकीचं देतात. वीस फुटांच्या साकवावरून माणूस दहा सेकंदांत पलीकडे जातो. त्याच्या डोक्यावर पाणी पडू नये म्हणून कुणी टनभर कौलं चढवत नाही. छप्पर असतं खालच्या लाकडासाठी. अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्कूलकिल नदीवर टिमोथी पामरने बांधलेला पूल १८०५ साली झाकला गेला, तेव्हा त्याचा हिशेब सरळ होता : उघडा लाकडी पूल दहा-बारा वर्षं, नीट झाकलेला तीस-चाळीस. आपल्याकडे दोन माडाचे सोट टाकून वर पोफळी चिरून बसवलेला साकव एक-दोन पावसाळ्यांत जातो, तो याच कारणाने. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांखाली राहिला तर बुरशी धरत नाही. म्हणजे छपराच्या साकवाची परीक्षा एकच : तुळया आणि सांधे कोरडे राहतात का?

आता माप. पऱ्याची रुंदी २० फूट, दोन्ही काठांवर दोन-दोन फूट टेकण, म्हणजे खालच्या तुळया २४ फुटी. चालायची जागा साडेतीन फूट. हातगाडी जाते, दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतात. आतली उंची आठ फूट ठेवली आहे आणि हे त्यांनी न सांगता केलं, याचं कौतुक. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई न वाकता गेली पाहिजे. अमेरिकेतल्या जुन्या झाकलेल्या पुलांची उंचीही गवताने भरलेल्या गाडीवरून ठरायची, तेच शहाणपण. एकूण लाकूड पंच्याऐंशी ते नव्वद घनफूट लागतं, बाजूच्या फळ्या सोडून. कौलं सव्वाचारशेच्या आसपास.

भार पेलायला दोन्ही बाजूंना एकेक कैची. दोन टोकांकडून निघालेले तिरपे ६ बाय ६ इंची, मध्यावर खांब, खाली ६ बाय ८ची तुळई. घराच्या कैचीवर हात बसलेल्या सुताराला हे नवीन नाही, पण एका ठिकाणी भलेभले फसतात. मधला खांब पाहिला की वाटतं, हा वजन खाली नेतोय. प्रत्यक्षात तो खालच्या तुळईला वर लटकवून धरतो. घराच्या खांबासारखं नुसतं कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) खाचेत बसवून सोडलं, तर भार आला की कुसू हळूहळू खाचेतून बाहेर सरकतं आणि तुळई मध्यावर पोट काढते. या टोळीला हे पक्कं माहीत आहे. खांबाच्या पायाला दोन्ही अंगांनी लोखंडी पट्टा घेऊन तो तुळईखालून वळवलाय, वर आरपार दोन बोल्ट. तिरपे जिथे खांबाला भिडतात तिथे खांब थोडा जाड ठेवून खांदा कोरलाय, म्हणजे भार लाकडावर लाकूड टेकून उतरतो, बोल्टवर येत नाही. खांद्याच्या सांध्यात पोस्टकार्ड घालून पाहिलं, तर एकाही जागी शिरलं नाही. कौलं चढायच्या आधी मध्यावर सव्वा इंचाचा बाक वर दिला होता, कौलं चढल्यावर त्यातला निम्मा बसला. हे सगळं जसं व्हायला हवं तसंच.

पट्टा मात्र साध्या लोखंडाचा, वर रेड ऑक्साइडचे दोन हात. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरवर हे चालत नाही. त्यात तुळई ऐनाची. ऐनात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, ओल्या ऐनाला लोखंड लागलं की लाकूड काळंठिक्कर पडतं आणि लोखंड दुपटीने खातं. जुन्या साकवाच्या पट्ट्यावरून नखाने पापुद्रे निघत होते. गॅल्व्हनाइझ केलेले किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे बोल्ट-पट्टे मागून घ्या. खर्च वाढतो, पण असे नग मोजून बारा-पंधराच लागतात.

खालच्या तुळईचं अजून एक. चोवीस फुटी अखंड ऐन किंवा किंजळ जुन्या घरातून क्वचित निघतो, त्यामुळे जोड येतोच. ही तुळई ताणात असते. दोन्ही टोकं बाहेर ओढली जातात. जुन्या साकवात जोड बरोबर मध्यावर, खांबाच्या पायाखाली घेतला होता आणि तो तीन सूत उघडलाय. नव्यात जोड पाव अंतरावर सरकवून तिरपा कापलाय, मध्ये सागाची पाचर, चार बोल्ट. म्हणजे चुकीतून शिकलेत. तरी लाकूड निवडताना समोर उभं राहावं : जुन्या घराच्या तुळईला आधीच्या वाशांच्या खाचा असतात, तशी खाच मध्यावर आणि खालच्या अंगाला आली तर ती तुळई परत पाठवा. माडाचं लाकूड रिपांना ठीक, तुळईला नको. जून माडाची बाहेरची चार बोटं कठीण असतात, गाभा भुसभुशीत.

खरी तक्रार बाजूंची. कोकणात पाऊस वरून पडतो हे अर्धसत्य आहे. आषाढात नैर्ऋत्येचा वारा सुटला की पाऊस आडवा येतो, हे ओटीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या साकवाचं पाखं अडीच फूट बाहेर, त्याची कड चालायच्या फळीपासून साडेसहा फूट उंच. झड पंचेचाळीस अंशांत आली, तर वरचे अडीच फूट वाचतात आणि खालचे चार फूट भिजतात. म्हणजे कठडा, तिरप्यांची टोकं, खांबाचा पाय, तुळई. जे सांधे वाचवायला छप्पर घातलं नेमके तेच उघड्यावर. जुन्या साकवात दोन तुळयांची तुलना केली की डोळे उघडतात. ईशान्येच्या अंगाची तुळई राखाडी, कोरडी, टकटक वाजणारी. नैर्ऋत्येच्या अंगाची हिरवट, वरच्या कडेला शेवाळाची पट्टी, आणि तिरपा जिथे तुळईत शिरतो त्या खाचेत पाणी साचून काळा चिखल झालेला.

उपाय नवा नाही. अमेरिकेतल्या झाकलेल्या पुलांना बाजूंनी फळ्या ठोकलेल्या असतात, त्यामुळेच ते लांबून धान्याच्या कोठारासारखे दिसतात. चीनच्या फुजियान-झेजियांगमधल्या लाकडी कमानींच्या पुलांना तर झग्यासारख्या फळ्या कमानीपर्यंत उतरवलेल्या असतात. पाऊस-दमट हवा या बाबतीत आपल्याला अमेरिकेपेक्षा तिकडचं उदाहरण जवळचं. आपल्या मापाला असं करावं : सहा इंची, पाऊण इंच जाडीच्या उभ्या फळ्या, साडेचार फुटांपासून तुळईच्या दोन इंच खालपर्यंत. दोन फळ्यांत पाव इंचाची फट. फळ्या थेट कैचीवर ठोकू नयेत. मध्ये इंचभराची रीप द्यावी, म्हणजे मागून वारा खेळतो आणि भिजलेलं वाळतं. फट न ठेवता गच्च बंद केलं तर आतली ओल कोंडते, शिवाय वादळात सगळा साकव शिडासारखा वारा धरतो. टोळीचं म्हणणं, गिऱ्हाइकांना उघडा साकव आवडतो, फोटो छान येतात. बरं, मग नैर्ऋत्येच्या अंगाला मृगाच्या आधी झापं बांधा आणि दसऱ्याला काढा. घराच्या ओटीला तेच करतो ना आपण? माडाची सात-आठ झापं, काथ्याची दोरी, एका दुपारचं काम.

छपरावर फार बोलायला नको, ते उत्तम आहे. तीस अंशांचा उतार, दोन-दोन फुटांवर सागाचे वासे, मंगलोरी कौलं, कोन्यांना सिमेंट कमी आणि बेताचं. पत्रा घ्या, हलका पडतो, असा सल्ला शेजारीपाजारी देतील, पण घेऊ नका. कौलांचं टनभर वजन इथे कामाचं आहे. फुजियानच्या त्या कमानींतही वरच्या कौलारू सज्जाचं वजन खालच्या गुंफलेल्या लाकडांना दाबून जागेवर धरतं. आपल्याकडे ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात किनाऱ्यावरचे पत्रे कुठल्या कुठे गेले, हे पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. फक्त कडेच्या दोन ओळी तारेने बांधून घ्या. गंमत म्हणजे हे मंगलोरी कौल १८६५ साली मंगळुरात सुरू झालं ते बासेल मिशनच्या कारखान्यात, आणि बासेल ज्या स्वित्झर्लंडमध्ये आहे तिथे झाकलेल्या लाकडी पुलांची परंपरा चौदाव्या शतकापासूनची. त्यातला ल्युसर्नचा प्रसिद्ध पूल १८ ऑगस्ट १९९३च्या रात्री जळाला, बराचसा भाग आणि छताखालची बरीचशी जुनी चित्रं गेली. फुजियानचा वान्आन पूलही ऑगस्ट २०२२मध्ये जळून गेला. म्हणून या साकवाला छताच्या आतून लावलेली रंगीबेरंगी दिव्यांची माळ पाहून बरं वाटलं नाही. वायरचे सांधे चिकटपट्टीचे, वर वाळलेला पालापाचोळा अडकलेला. माळ काढा. गांधीलमाश्यांचं पोळं धूर करून हाकलायचा बेतही इथे करू नका.

आता बुडाकडे, कारण घोळ तिथेच आहे. दोन्ही काठांवर जांभ्या चिऱ्याचे बांधीव टेकू आहेत, बांधकाम सरळ आणि नेटकं. पण तुळयांची टोकं चिऱ्यात घालून भोवती सिमेंटने गच्च बंद केली आहेत. दिसायला साफ. लाकूड मात्र पाणी सर्वांत जास्त पितं ते टोकाच्या आडव्या कापातून, आणि जांभा पावसाळाभर ओला राहतो. जुन्या साकवात पटाशी लावून पाहिली : तुळईच्या मध्याला टोक खुणेपुरतं उमटलं, टेकणीपाशी अर्धा इंच सहज आत गेलं. वर कौलं शाबूत, खांद्याचे सांधे शाबूत, आणि जिथे सगळं वजन टेकतं तिथे लाकूड पावासारखं. बाहेरून काही दिसत नाही.

तुळई आणि चिरा यांच्यामध्ये आडवा ठोकळा हवा, किंजळ किंवा खैराचा, ६ बाय ८चा. तुळई त्याच्यावर टेकेल. कुजायचं ते ठोकळा कुजेल आणि जॅकवर तुळई इंचभर उचलून तो बदलता येईल. जुन्या झाकलेल्या पुलांमध्येही टेकणीला असेच बदलायचे ठोकळे असतात. तुळईच्या टोकाभोवती दोन इंच मोकळी जागा ठेवावी, टोकाला काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. वाळवीलाही ते आवडत नाही. मोकळ्या जागेत पोफळीची झावळं, माती, उंदरांचा कचरा साचतो, तो दिवाळीत आणि पावसाआधी असा दोनदा काढायचा. टोळीला हे सांगितलं तर ते करून देतात, जादा मजुरी न मागता. सांगावं लागतं, एवढंच खटकतं.

उंचीही तपासा. पूर वरून येत नाही, त्यामुळे छपराचा इथे उपयोग शून्य. न्यूयॉर्क राज्यातला ओल्ड ब्लेनहाइम पूल १८५५चा, दीडशे वर्षांहून जास्त टिकला, आणि २८ ऑगस्ट २०११ला आयरीन वादळाच्या पुरात एका दिवसात वाहून गेला. बाजूला फळ्या लावल्या की पाण्यालाही तेवढा पसारा आडवा मिळतो. पऱ्याला २२ जुलै २०२१च्या पुरात कुठवर पाणी आलं होतं ते वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि तुळईचं बूड त्याच्या वर तीन फूट ठेवा. नवा साकव दीड फुटावर आहे. ओंडका अडकायला तेवढं पुरतं.

काम देणार असाल तर : मजुरी उक्ती ठरते, लाकूड, कौलं, चिरा आपला. चार माणसं, साधारण तीन आठवडे. साग, ऐन, किंजळ, फणस, खैर ही झाडं १९६४च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, आपल्या आगरातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. जुन्या घराचं लाकूड घेतलं तर विक्रीची पावती ठेवा. दिवाळी ते शिमगा हा मोसम, त्यांची वही गणपतीतच भरते. आणि शेवटचा हप्ता पुढच्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत हातात ठेवा. पहिल्या पावसात फुगलेलं लाकूड तोवर आटतं, नट सैल पडतात, पाचरा खुळखुळतात. ते आवळायला टोळी परत आली की मगच पैसे मोजा.