घाटावरचे आजोबा: टूडी कट-आउट की थ्रीडी?

गोदाघाटावर बसणारे धोतर-टोपीतले आजोबा, दोन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म आणि घरचा एक साधा कॉम्प्युटर. एवढ्या भांडवलावर टूडी करायचं की थ्रीडी, हे सॉफ्टवेअर बघून ठरवू नका. थ्रीडीचं ब्लेंडर फुकट आहे, टूडीचं ओपनटून्झही फुकट आहे. आजोबांच्या अंगावर काय आहे आणि कॅमेरा कुठून कुठे फिरतो, ते आधी बघा.

कट-आउटमध्ये डोकं, दंड, मनगट, मांड्या वेगळ्या काढून सांध्यावर जोडायच्या, कळसूत्री बाहुलीसारख्या. धोतराचा सोगा वाऱ्यावर हलवायचा तर तीन-चार आकार काढले की भागतं. थ्रीडीत त्याच सोग्याला कापडाचं सिम्युलेशन लागतं, म्हणजे कापड कसं हलेल-पडेल याचं कॉम्प्युटरने केलेलं गणित. आजोबा पायरीवर मांडी घालून बसले की कापड मांडीतून आरपार! माझे दोन आठवडे त्यात गेले. लेंगा-सदरा घालून बघितला, पण मग ते आजोबा राहिले नाहीत, कुणीतरी सेल्समन वाटायला लागले.

कट-आउटची पंचाईत मान वळवताना होते. समोरून, पाऊण, बाजूने, मागून; प्रत्येक कोनाला नवं चित्र, नवे सांधे. नाशिक ढोलाचं पथक आणि त्याभोवती फिरणारा कॅमेरा डोक्यात असेल, तर सरळ थ्रीडीच घ्या. एक वादक नीट उभा राहिला की त्याच्या वीस प्रती काढता येतात. प्रत्येकाची हालचाल दोन-तीन फ्रेम पुढेमागे सरकवा, नाहीतर ढोलपथकाची कवायत होते.

आता वेळ. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दोन मिनिटांच्या 2880. थ्रीडीत एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरने तिचं अंतिम चित्र तयार करायला, दोन मिनिटं धरली तरी 96 तास, चार दिवस-रात्र कॉम्प्युटर अडकला. आणि थेट व्हिडिओ फाइल काढू नका, पीएनजी चित्रांच्या सुट्या फ्रेम काढा, म्हणजे मध्येच अडलं तरी झालेल्या फ्रेम हातात राहतात. एका कामात पहाटे वीज गेली आणि माझं रात्रभराचं रेंडर पाण्यात गेलं, तेव्हापासून भेटेल त्याला हे सांगतो. टूडीत एक पोझ दोन फ्रेम धरली तरी डोळ्याला खटकत नाही, रेंडरही चटकन होतं. (त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपली होती. त्यापुढे आपले चार दिवस काहीच नाहीत.)

नियोजन दोन्हीकडे सारखंच. आवाज आधी रेकॉर्ड करा, त्यावर स्टोरीबोर्डची (एकेका शॉटची कच्ची) चित्रं लावून अ‍ॅनिमॅटिक बनवा. घाटाच्या पायऱ्या स्वतः उतरा आणि मोबाइलवर शूट करून घ्या. म्हातारा माणूस आधी पाय टेकवून चाचपतो, मगच त्यावर भार देतो. हे न बघता केलेलं चालणं शेवाळावरून घसरल्यासारखं दिसतं. बोलण्यात प, ब, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत.

शेवटी माझे आजोबा कट-आउटमध्येच झाले. मागे वळून बघायचा त्यांचा एकुलता एक शॉट होता, तो मी अ‍ॅनिमॅटिकमध्येच कापला.