डिस्कोर्सवर प्रोग्रामर मंडळींचा फोरम: मॉडरेटर म्हणून काही महिन्यांचा अनुभव

आमचा गट आधी चॅटवर होता. तिथे उत्तरं झटपट मिळायची आणि तितक्याच झटपट वर सरकून दिसेनाशी व्हायची. गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीने) पुश, म्हणजे कोड वर पाठवणं, नाकारल्याचा तोच प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नव्याने विचारायचं आणि तीच दोन-तीन माणसं नव्याने उत्तर द्यायची. चॅटमधलं बोलणं सर्च इंजिनला दिसत नाही. स्लॅक या चॅट सेवेच्या मोफत योजनेत तर सप्टेंबर 2022 पासून मागच्या 90 दिवसांपलीकडचे मेसेज दिसतच नाहीत. प्रोग्रामरच्या प्रश्नाचा खरा उपयोग पुष्कळदा विचारणाऱ्यापेक्षा नंतर येणाऱ्याला होतो. वर्षभराने तोच एरर मेसेज कुणीतरी सर्चमध्ये टाकतं, तेव्हा उत्तर सापडलं पाहिजे. एवढ्यासाठी आम्ही डिस्कोर्स या फोरम चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर आलो आणि तेव्हापासून मी तिथे मॉडरेटर आहे. सर्व्हरचं काम दुसरे सहकारी बघतात, माझ्याकडे माणसं आणि मजकूर. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः त्या बाजूचा आहे.

सर्व्हरबद्दल थोडक्यात सांगते. डिस्कोर्स ओपन सोर्स आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या संस्थापकांपैकी एक जेफ अ‍ॅटवुड यांनी रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांच्यासोबत ते 2013 मध्ये लोकांसमोर आणलं. मागे सर्व्हरवर रुबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क (प्रोग्रामचा तयार सांगाडा), पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस, पुढे ब्राउझरमध्ये एम्बर. इन्स्टॉल करण्याचा अधिकृत मार्ग डॉकरचा, म्हणजे सगळं एका वेगळ्या कंटेनरमध्ये बांधून चालवण्याचा. कमीत कमी 1 जीबी रॅम आणि जोडीला स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) लागतो, पण 2 जीबी असेल तर बरं. ईमेलची व्यवस्था मात्र आधीच नीट लावून ठेवा. नोंदणी, पासवर्ड, सूचना सगळं ईमेलवर अवलंबून आहे. मेल खरंच आपल्याकडून गेलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी नसतील तर नवा सदस्य खातं सुरू करण्याच्या मेलची वाट बघत बसतो आणि कंटाळून निघून जातो.

आता मुख्य मुद्दा. डिस्कोर्समध्ये मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ट्रस्ट लेव्हलची रचना. शून्य ते चार अशा पाच पायऱ्या आहेत. नवा माणूस शून्यावर येतो. त्याला एका पोस्टमध्ये जास्तीत जास्त दोन लिंक देता येतात, खासगी मेसेज पाठवता येत नाही, फ्लॅग करता (म्हणजे खटकणारी पोस्ट मॉडरेटरांच्या नजरेस आणता) येत नाही. पहिली पायरी चढायला किमान 5 विषय (म्हणजे धागे) उघडायचे, 30 पोस्ट वाचायच्या आणि एकूण 10 मिनिटं वाचनात घालवायची. एकही ओळ लिहायची अट नाही! दुसऱ्या पायरीसाठी 15 वेगवेगळ्या दिवशी येणं, 100 पोस्ट आणि तासभर वाचन, तीन विषयांत उत्तर, एखादा लाइक दिलेला आणि एखादा मिळालेला. हे आकडे मुळात ठरवून दिलेले आहेत, सेटिंगमध्ये बदलता येतात. आम्ही बदलले नाहीत.

मी अशा ठिकाणीही वावरले आहे जिथे पोस्टची संख्या हीच प्रतिष्ठा असते. तिथे लोक 'धन्यवाद', 'मलाही हेच हवंय' एवढंच लिहून आकडा वाढवत राहतात. इथे अधिकार मिळतो तो आधी वाचण्यातून. ज्याने तासभर इतरांचं वाचलंय त्याला इथली बोलण्याची रीत कळलेली असते: कोड कसा टाकायचा, व्हर्जन का सांगायचं, जुन्या उत्तराची लिंक दिली म्हणून कुणी अपमान मानत नाही. नवख्यांसाठी आम्ही लांबलचक नियमावली लिहिली होती. तिच्यामुळे जेवढं साधलं त्याहून जास्त या वाचनाच्या अटीने साधलं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी पायरी टिकवावी लागते. मागच्या 100 दिवसांतले निम्मे दिवस हजेरी हवी, शिवाय लाइक, वाचन, उत्तरं यांच्या वेगळ्या अटी. येणं थांबलं की पायरी जाते. या पायरीवरच्या सदस्यांना विषयाचं शीर्षक आणि वर्ग बदलता येतो, आणि नवख्या खात्याच्या पोस्टवर त्यांनी स्पॅमचा फ्लॅग लावला तर ती लगेच लपते. आमचा स्पॅमचा निम्म्याहून अधिक भार याच मंडळींनी उचललाय. स्पॅमची पद्धतही बदलली आहे. जुन्या विषयाखाली गोड भाषेत, कुणाला खटकणार नाही असं उत्तर येतं आणि काही तासांनी त्यातच एडिट करून लिंक घुसवली जाते. म्हणून नव्या खात्यांच्या पोस्टचा एडिट इतिहास बघण्याची सवय मी लावून घेतली आहे.

आता मजकुराकडे. प्रोग्रामर मंडळींच्या फोरमवर मॉडरेशन म्हणजे भांडणं सोडवणं, असं बाहेरून वाटतं. माझा बराचसा वेळ शीर्षकांवर जातो. 'अर्जंट मदत हवी' हे शीर्षक उद्या कुणालाही सापडणार नाही. 'पोस्टग्रेसला डॉकरमधून कनेक्ट करताना कनेक्शन रिफ्यूज्ड' हे सापडेल. शीर्षक बदलताना मी विचारणाऱ्याचे शब्द शक्य तितके ठेवते आणि मूळ एरर मेसेजमधला ओळखीचा तुकडा त्यात घालते. पुढचा माणूस तोच तुकडा कॉपी करून शोधणार असतो. नवा प्रश्न लिहिताना डिस्कोर्स आधीचे मिळतेजुळते विषय बाजूला दाखवतं. ती सोय उत्तम आहे, पण ती जुन्या शीर्षकांवरच पोसली जाते. शीर्षकं मोघम असतील तर तिच्या हाती काही लागत नाही.

दुसरी मेहनत कोडच्या मांडणीची. मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकूर मांडण्याची पद्धत) न कळणारा माणूस पायथनचा कोड तसाच पेस्ट करतो आणि इंडेंटेशन (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा) जातं, म्हणजे पायथनमध्ये अर्थच जातो. डबल अंडरस्कोअरमध्ये लिहिलेलं इनिट (__init__) हे ठळक अक्षरातलं नुसतं 'इनिट' होतं. तीन बॅकटिक (`) लावून ब्लॉक करायचा, हे आम्ही प्रत्येकाला एकदा स्वतः करून दाखवतो आणि खाली एका ओळीत सांगतो. दुसऱ्यांदा बहुतेकांना सांगावं लागत नाही. कोडचा स्क्रीनशॉट टाकला तर मात्र मी प्रेमाने पण हटकून मजकूर मागते. चित्रातला कोड कुणाला कॉपी करून चालवता येत नाही, सर्चमध्ये येत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तो वाचताही येत नाही.

चूक दाखवेल इतकाच, पण चालवता येईल असा लहानसा कोड मागणं हे तर रोजचंच. लोकांना तो अडवणुकीचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात तो तुकडा तयार करताना विचारणाऱ्यालाच चूक सापडल्याचं मी अनेकदा पाहिलंय. अशा वेळी विषय पुसू नका म्हणून मी आवर्जून सांगते. काय सापडलं ते लिहा आणि त्यालाच 'सॉल्व्ह्ड' करा. सॉल्व्ह्ड हे प्लगइन (वरून जोडायची सोय) असल्यामुळे मान्य उत्तर प्रश्नाखालीच दिसतं, सगळा धागा वाचत बसावं लागत नाही.

एका गोष्टीत मात्र वेळ घालवून चालत नाही. लोक कॉन्फिग (सेटिंगची) फाइल पेस्ट करताना एपीआय की (सेवा वापरण्याची गुप्त किल्ली), डेटाबेसचा पासवर्ड, अशी गुपितं ठेवलेली अख्खी डॉट-एन्व्ह फाइल टाकून मोकळे होतात. पोस्ट एडिट केली तरी आधीची आवृत्ती इतिहासात राहते, ती वेगळी लपवावी लागते. सूचनेचे मेल मूळ सेटिंगनुसार 10 मिनिटं थांबून जातात, तेवढीच सवड. तोवर एखाद्या बॉटने पान वाचलेलं असू शकतं. म्हणून मी मजकूर झाकते आणि लगेच खासगी मेसेज करते: एपीआय की रद्द करा, नवी घ्या, आत्ता. झाकलं म्हणजे वाचलो असं कुणी समजू नये.

भांडणं कमी होतात, पण होतात. एखादं फ्रेमवर्क मेलं की जिवंत आहे, टाइप (डेटाचे प्रकार कोडमध्ये लिहिणं) हवेत की नकोत, या विषयांवर शहाणी माणसंही हट्टाला पेटतात. डिस्कोर्स इथे बारीक बारीक मदत करतं. एकाच माणसाला लागोपाठ उत्तरं देत असाल तर खासगीत बोलता येईल असं सुचवतं. धाग्यात तुमचीच उत्तरं फार झाली तर इतरांना जागा द्या म्हणतं. स्लो मोड लावला की प्रत्येकाला दोन पोस्टच्या मध्ये ठरावीक वेळ थांबावं लागतं. धागा बंद करण्याआधी मी नेहमी स्लो मोड लावते. राग उतरायला मिळालेला वेळ पुष्कळदा पुरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच धाग्यात चांगलं तांत्रिक उत्तर येतं. बंद केलेल्या धाग्यात ते कधीच आलं नसतं.

ताकीद मात्र मी चारचौघांत देत नाही. खासगी मेसेजमध्ये नेमकं वाक्य उद्धृत करते आणि काय खटकलं ते सांगते. 'तुझा कोड वाईट आहे' आणि 'या लूपमध्ये प्रत्येक फेरीला डेटाबेसला क्वेरी जातेय' यात फरक आहे. दुसऱ्या वाक्यातून समोरचा शिकतो. मॉडरेटरांना आपापसात धाग्यातच कुजबुज करता येते, ती बाकीच्यांना दिसत नाही. एकाने निर्णय घेण्याआधी दुसऱ्याचं मत घ्यायला ही सोय फार उपयोगी पडते.

सगळ्यांत अवघड प्रश्न यंत्राने लिहिलेल्या उत्तरांचा. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर 2022 मध्येच चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी केली, कारण चुकीची उत्तरं खात्रीशीर भाषेत आणि मोठ्या संख्येने येत होती. तेच दुखणं सगळीकडे आहे. उत्तर नीटनेटकं, भाषा निर्दोष, आणि त्यातलं फंक्शन त्या लायब्ररीत नसतंच. इथे ट्रस्ट लेव्हल कामाला येत नाही, कारण वाचनाच्या अटी पूर्ण केलेली भली माणसंही मदत करण्याच्या ओढीने असं उत्तर चिकटवतात. भाषेवरून 'हे यंत्राचं आहे' असा आरोप करायला मी तयार नाही. व्यवस्थित लिहिणाऱ्या माणसावर तो अन्याय होतो. मी एकच विचारते: कोणत्या व्हर्जनवर चालवून पाहिलंत, आणि आउटपुट काय आलं? ज्याने चालवलंय तो लगेच सांगतो. ज्याने नाही तो चालवून बघतो किंवा उत्तर मागे घेतो. मुळात उत्तर चालवून पाहिलेलं असावं, एवढाच आमचा नियम आहे.

उणिवा आहेत. पान जावास्क्रिप्टने जड आहे, जुन्या फोनवर ते जाणवतं. सेटिंग्ज इतक्या आहेत की नवा अ‍ॅडमिन त्यात हरवतो. अनंत स्क्रोलमुळे लांब धाग्यात आधी वाचलेलं ठिकाण पुन्हा गाठायला वेळ लागतो, बाजूची टाइमलाइन वापरायची सवय करावी लागते. प्लगइन घालायचं तर कंटेनर नव्याने बांधावा लागतो आणि तेवढा वेळ साइट बंद. दोन-चार मित्रांच्या गटाला एवढ्या पसाऱ्याची गरज नाही.

जुनी पडणारी उत्तरं ही अडचण मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरवर येणार. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला, तरी त्या काळची उत्तरं सर्चमध्ये वर येतात. आम्ही असं उत्तर पुसत नाही. ती पोस्ट विकी करतो, म्हणजे पहिल्या पायरीपासूनचे सदस्य ती सुधारू शकतात, आणि वर कोणत्या व्हर्जनसाठी आहे ते लिहितो.

आणि हा मजकूर आपल्या हातात राहतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अ‍ॅडमिन पानावरून पूर्ण बॅकअप घेता येतो, अपलोड केलेल्या फाइलींसकट. फक्त कंटेनरची अ‍ॅप डॉट वायएमएल ही सेटिंगची फाइल त्यात येत नाही, ती वेगळी जपून ठेवा. आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर एकदा रिस्टोर करून, लॉगिन होतंय का आणि चित्रं दिसतायत का ते बघून घ्या.