बिलोलीकडची शिंदी: प्यायची तर सकाळचीच

नांदेडहून नरसी मागं टाकून बिलोलीच्या पुढं मांजरा नदीकडं निघालं की बांधाबांधांवर शिंदीची झाडं दिसायला लागतात. तिथंच रस्त्याला लागून पत्र्याच्या शेडमधलं परवान्याचं एक दुकान आहे. समोर दोन बाजा, एक लाकडी बाकडं, बाजूला लिंबाची सावली. अस्सल शिंदी, म्हणजे या झाडाचा आंबलेला रस, कुठं मिळते असं कुणी विचारलं की मी याच दुकानाचा पत्ता सांगतो.

जायचं ते थंडीत, आणि सकाळी आठ-नऊच्या आत. ऊन चढल्यावर गेलात तर वेगळंच काहीतरी पिऊन याल. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसला की हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट रात्रीतच कामाला लागतं. त्यामुळे सकाळची शिंदी गोडसर, जिभेवर चुरचुरणारी आणि हलकी असते. दुपारपर्यंत गोडी उतरते नि नशा वाढते, संध्याकाळी ती आंबट होते, दुसऱ्या दिवशी तर सिरकाच. दुकानाचे मालक, त्यांना सगळेच मामा म्हणतात, स्वतःच बजावतात, "सर, दुपारच्याला नगा येऊ. तुमाला नाई मानवायची ती."

मामांच्या पोरासोबत एकदा मागच्या बांधावर गेलो. कमरेला आणि बुंध्याला मिळून दोराचा फास, पाठीमागं धारदार कोयता, आणि पोरगं बघता बघता शेंड्याला. पानांच्या झुबक्याखाली सालीचा एक तुकडा तासलेला असतो, त्यातून रस पाझरत मडक्यात येतो. पोरगं रोज त्या जखमेचा पातळ काप काढतं, नाहीतर ती सुकते. एका हंगामात झाडाच्या या अंगाला तासलं तर पुढच्या हंगामात त्या अंगाला. त्यानं जुन्या झाडाचा बुंधा नागमोडी दिसतो, आणि खाचा मोजल्या की झाड किती हंगाम उतरवलंय ते कळतं. मला पोरानं एका झाडावरच्या खाचा बोट ठेवून दाखवल्या, खालच्या त्याच्या आज्याच्या हातच्या.

आज्याच्याही आधीची झाडं इथं फारशी दिसत नाहीत. निजामाच्या अबकारी उत्पन्नाला, म्हणजे शिंदी-दारूवरच्या कराला, धक्का द्यायचा म्हणून १९४७ च्या त्याच्याविरुद्धच्या लढ्यात मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदीची झाडं तोडली गेली. गावातली म्हातारी माणसं अजून हे अभिमानानं सांगतात, आणि सांगता सांगता पेलाही पुढं करतात.

मामा शिंदी तुमच्यासमोर मडक्यातून ओततात. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यावर मधमाश्या नि मुंग्या अडकून राहतात. ते बघून नाक मुरडू नका, गोड रसाला त्या येणारच. खाली येते ती दुधट पांढरी, वर फेस, आणि कान लावला तर बारीक चरचर ऐकू येते. सोबत उकडलेले हरभरे, कांदा आणि धर्माबादी मिरचीचा ठेचा. शेजारच्या गाड्यावर मांजरेचे मासे तळून मिळतात, ते मात्र रोज नसतात. तांब्याभर शिंदी नि हरभरे मिळून शंभराच्या आत भागतं.

एवढं कौतुक का करतोय तेही सांगतो. या पट्ट्यात आणि पलीकडं तेलंगणात शिंदीच्या नावाखाली पाणी, सॅकरीन आणि क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलॅमसारख्या गुंगीच्या औषधांचं मिश्रण विकलं जातं. झाड एक नाही नि बाटल्या शेकड्यानं. त्याची सवय लागलेल्या माणसाला एक दिवस नाही मिळाली तर हातपाय कापतात, फिट येते. माझ्या नात्यातला एक जण असाच दवाखान्यात न्यावा लागला होता. मामांकडं झाडं डोळ्यांसमोर आहेत. मडकी संपली की फळी लावतात, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तिथल्या खेड्यातल्या पबमध्ये त्यानं मला रिअल एल पाजली. पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी ही बिअर, वरून गॅस मारायचा नाही, तळघरात गार ठेवायची आणि हातपंपानं ओढून द्यायची. पिंप उघडलं की थोड्याच दिवसांत संपवावं लागतं. मोठ्या कंपन्यांच्या गॅसच्या बिअरपुढं ती मागं पडायला लागली तेव्हा, १९७१ साली, चार पिणाऱ्यांनी मिळून 'कॅम्रा' ही संघटना काढली. गिऱ्हाइकांनीच ओरड केली म्हणून ही बिअर टिकली. आपल्या शिंदीसाठी अशी ओरड कोण करणार? आपण निदान "झाडं कुठं आहेत?" एवढं तरी प्रत्येक दुकानात विचारायला पाहिजे.

उणिवाही आहेत. संडासाची सोय नाही, पेले एकाच बादलीत विसळतात, म्हणून मी आपला पेला घरून नेतो. गाडी चालवणाऱ्यानं पिऊ नये, सकाळची हलकी असली तरी ती शिंदीच आहे. सोबत ड्रायव्हर न्या, किंवा बिलोलीपर्यंत एसटीनं जाऊन पुढं ऑटो करा. होळीनंतर जाणार असाल तर आधी चौकशी करा, तोवर शिंदीचा हंगाम उतरणीला लागलेला असतो आणि मामा ताडाच्या मागं लागलेले असतात.