टेरियर कुत्रे घेऊन घुशी काढणाऱ्या टीमचा रिव्ह्यू, मुद्दाम पावसाळा होऊ देऊन लिहिला (काटोल रोड, नागपूर)

काम फेब्रुवारीत झालं पण रिव्ह्यू आता टाकतोय. पोळा झाला, मारबत निघाली, म्हणजे पाऊस बऱ्यापैकी पडून गेला. घुशी किती निघाल्या ते त्याच दिवशी संध्याकाळी कळतं, पण त्यासाठी खोदलेले खड्डे कसे बुजवले ते जुलैतच दिसतं, आणि मला रिव्ह्यू खड्ड्यांचाच द्यायचा आहे.

आमचं वावर कळमेश्वरच्या पुढे. ४ एकर संत्रा, ४४० झाडं, बाजूला गहू अन् हरभरा, आणि मधात एक जुना धुरा (बांध) ज्याच्यात घुशींनी घर केलं होतं. गव्हाच्या ओंब्या ओढून नेतात ते नेतातच, पण ठिबकच्या नळ्या कुरतडतात ते जास्त डोक्यात जातं. झिंक फॉस्फाईड (उंदराचं विष) मला टाकायचं नव्हतं, वावरात घुबडाची जोडी आहे, ती उंदीर खाऊनच जगते, आणि शेजाऱ्याचा कुत्रा विषाची घूस खाऊन मेला ते डोळ्यानं पाहिलंय. म्हणून कुत्रेवाले.

दोन वर्षांआधी एक दुसरी टीम बोलावली होती, नाव घेत नाही. कुत्रे चांगले होते, घुशी भरपूर काढल्या, आणि ११ खड्डे जसेच्या तसे टाकून निघून गेले. काहींवर पायानं माती लोटली होती, बस. पहिल्या पावसात सगळे बसले, धुऱ्याच्या आतून पाणी नळीसारखं वाहून खालच्या बाजूनं धुरा फुटला, एका खड्ड्यात गोऱ्ह्याचा पाय गेला अन् तो महिनाभर लंगडत होता. सगळ्यात वाईट म्हणजे तीन झाडांच्या बुडाशी पाणी साचून राहिलं आणि तिन्हीला डिंक्या (बुडातून डिंक गळायचा रोग) लागला. ज्यांची संत्र्याची बाग आहे त्यांना माहित आहे, डिंक्याच्या बुरशीला, फायटोफ्थोराला, बुडाशी थांबलेलं पाणीच पाहिजे असतं. बोर्डो पेस्ट लावली (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी), दोन झाडं वाचली, एक गेलं. बारा वर्षांचं झाड होतं.

आता ह्या टीमबद्दल. दोघं भाऊ आहेत, तीन जॅक रसेल, पांढरे, तोंडावर तपकिरी चट्टे. टीमचं नाव वगैरे काही नाही, कळमेश्वरला कुत्रेवाले भाऊ म्हणून विचारलं तरी सांगतात.

यायच्या आदल्या दिवशी मोठ्या भावाचा फोन आला, "दादा, आज संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं मातीनं बंद करून ठेवा, सकाळी जेवढी उघडी दिसतील तेवढ्याला काडी रोवा." मी ६३ बंद केली, सकाळी २४ उघडी. म्हणजे राहती बिळं तेवढीच. बाकी ३९ ला हात लावायचंच काम नाही, धुरा उगाच उसकटला जात नाही. मागच्या टीमनं हे काहीच न करता दिसेल तिथं कुदळ मारली होती. खड्डे नीट बुजवायची सुरुवात इथूनच होते असं मला आता वाटतं, जो खड्डा खोदलाच नाही तो बुजवायलाही लागत नाही.

घुशीच्या बिळात टेरियर पूर्ण शिरत नाही, बीळ तेवढं मोठं नसतंच. तो वास घेतो, एका जागी उभा राहून उकरायला लागतो, मग लहाना भाऊ सब्बल (पहार) हळूच टोचून खालची पोकळी शोधतो आणि तिथंच फावडं लागतं. टेरियर नावच लॅटिन टेरा म्हणजे जमीन ह्याच्यावरून आलंय. जॅक रसेलची जात ज्यांच्या नावानं आहे त्या पाद्री जॉन रसेल यांनी ट्रम्प नावाची कुत्री १८१९ मध्ये विकत घेतली, तिथून ही लाईन धरतात. तिकडे इंग्लंडात ह्यांचा मूळ धंदा कोल्ह्याच्या बिळात शिरायचा, माणसं वरून कुत्र्यापर्यंत खोदत जायची, आणि काम झालं की जमीन होती तशी करून द्यायची अशी चांगल्या टेरियरवाल्यांची रीत. आपल्याकडे कोल्हा, खोकड, मुंगूस, घोरपड, साळिंदर ह्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्या बिळाला हात लावायचा नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण नाल्याकडच्या एका बिळापाशी तिन्ही कुत्रे जाम ओढत होते, मोठ्या भावानं खाली वाकून पाहिलं, तोंडाशी ताजी माती नाही आणि धुळीत शेपटी घासल्याचा लांब माग, म्हणाला "घोरपड हाय", कुत्र्यांना पट्टे लावले अन् पुढे गेला. मला तिथंच माणूस पटला.

आता मुख्य गोष्ट. खोदायच्या आधी वरचं गवत मुळासकट चौकोनी कापून बाजूला सावलीत ठेवलं. खड्ड्याच्या बाजूला ताडपत्री टाकली, माती तिच्यावरच, गवतात नाही. लोकं म्हणतात ना "माती पुरली नाही", अरे खोदलेली माती तर फुगून जास्त दिसते, पुरत नाही कारण अर्धी गवतात पसरून गेलेली असते. ताडपत्रीवर पण दोन ढीग, वरची काळी वेगळी आणि खालची चुनखडीवाली पांढरट वेगळी. आमच्याकडे दीड-दोन फुटाखाली चुनखडी लागते, ती वर आली की संत्र्याला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात, म्हणून खालची खालीच गेली पाहिजे. मी न सांगता त्यांनी हे केलं.

बुजवायच्या आधी तिन्ही कुत्रे मोजून बांधले, दरवेळी, २४ वेळा. मग आधी आडवी बिळं. सब्बलच्या बोथट टोकानं माती आत ठोसून ठोसून भरली, कारण नुसता खड्डा भरला आणि आडवी नळी मोकळी राहिली तर पाणी आतून धुरा खातंच, माझा तसाच फुटला होता. त्यानंतर अर्धा-अर्धा फूट माती टाकायची, ढेकळं फोडायची, थोडं पाणी शिंपडायचं अन् धुम्मस (माती ठोकून बसवायचा दांड्याचा ठोकळा) मारायचा. पाणी किती, तर मुठीत माती दाबली की गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये. काळी माती जास्त ओली झाली की धुम्मसालाच चिकटून वर येते, आणि कोरडी ढेकळं तशीच टाकली तर मधात पोकळ्या राहतात, पावसात ढेकळं विरघळतात आणि खड्डा पुन्हा उघडतो. शेवटी जमिनीच्या चार बोटं वर उंचवटा ठेवून त्याच्यावर ते गवत परत बसवलं आणि एक डबकी पाणी. मधात मी एका खड्ड्यात छाटणीच्या काड्या टाकायला गेलो तर लहान्यानं हात धरला, "काड्या नको दादा, उधई लागते, अन् सडल्यावर पुन्हा खड्डा."

झाडांजवळचे पाच खड्डे होते तिथं धुम्मस वापरलाच नाही, पायानं हलकं दाबलं फक्त, उघडी पडलेली मुळं आधी बारीक मातीनं झाकली, आणि माती कलमाच्या जोडापर्यंत चढू दिली नाही. जोड मातीत गेला की जंभेरीच्या खुंटाचा (ज्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधतात त्याचा) फायदाच जातो आणि डिंक्या सरळ वर चढतो. बुडाशी उतार बाहेरच्या बाजूला काढला.

मेलेल्या घुशी त्याच खड्ड्यांत नाही टाकल्या, नाहीतर गावातले कुत्रे येऊन सगळं परत उकरतात. विहिरीपासून लांब वेगळा दोन-अडीच फुटाचा खड्डा, वर चुना. हातात रबरी मोजे, कुत्र्यांना लेप्टोचं (उंदीर-घुशींपासून होणाऱ्या रोगाचं) इंजेक्शन झालेलं, मी विचारलं तेव्हा कार्ड दाखवलं.

एका बिळातून अर्ध घमेलं गव्हाच्या ओंब्या निघाल्या, सगळ्या एकाच दिशेनं रचलेल्या. आईनं ते पाहिलं आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

पावसाळ्यानंतरचा हिशोब असा, २४ पैकी २२ खड्डे आज शोधूनही सापडत नाहीत, गवत एकजीव झालंय. एक थोडा दबला, चालतंय. एक मात्र जुलैत वीतभर बसला, धुऱ्याच्या कोपऱ्यावरचा, तिथं आत मोठी पोकळी होती ती सुटली असणार. फोन केला तर चौथ्या दिवशी लहाना आला, मी तळ्याचा गाळ आणून ठेवला होता तो भरून दिला, पैसे घेतले नाही. नवीन बिळं सहा दिसतात, शेजारच्या धुऱ्यावरून येतात, त्याला कोणी काही करू शकत नाही. जुन्या उघड्या बिळांत मागच्या वर्षी दोनदा नाग दिसला होता, ह्या वर्षी अजून एकदाही नाही.

तक्रार म्हणाल तर तारीख मिळायला तीन आठवडे लागले, बिल देत नाहीत, आणि धुम्मस त्यांच्याकडे एकच आहे म्हणून बुजवायला खोदण्याच्या दुप्पट वेळ गेला. सकाळी ७ ला आले ते अंधार पडेपर्यंत. मी नंतर इतवारीत लोहाओळीतून एक धुम्मस घेऊन आलो, दांडा बाभळीचा बसवून घेतला, आता घरचाच आहे.

दिवसाचे ३००० घेतले, दोन माणसं, तीन कुत्रे. मागची टीम १८०० ला होती आणि त्या खड्ड्यांपायी माझं एक झाड गेलं. माझ्याकडून ५ पैकी साडेचार.

बोलवायचं असेल तर दिवाळीतच सांगून ठेवा, गहू ओंबीवर आला की तारीख मिळत नाही. पावसाळ्यात ते काम घेत नाहीत, ओल्या मातीत खड्डा नीट बुजत नाही म्हणतात. ताडपत्र्या दोन काढून ठेवा आणि जागेवर पाण्याचा ड्रम भरलेला असू द्या, आमच्याकडे मोटर बंद होती तर विहिरीवरून डबक्या वाहाव्या लागल्या.