राष्ट्रपती थेट जनतेनं निवडावा का? ठरवण्याआधी दोन्ही बाजू

नेत्यांचा दर्जा इतका घसरलाय, निदान राष्ट्रपती तरी थेट जनतेनं निवडावा, असं सोलापूरच्या चार पुतळ्याजवळ चहा पिताना हल्ली कुणी ना कुणी म्हणतंच. ज्यांचं मत अजून पक्कं झालेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दोन्ही पद्धती आपल्या जिल्ह्यातच पाहायला मिळतात. सोलापूरचा महापौर नगरसेवक निवडतात, तर बार्शी-पंढरपूरचा नगराध्यक्ष थेट मतदानातून येतो. राज्यानं ही थेट निवड २०१६ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. माझा कौल इथं थेट निवडीला आहे. नगराध्यक्षाचं घर, धंदा, बोलणं-वागणं गावाला माहीत असतं. सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं, ते त्यांचं साधं राहणं डोळ्यांनी पाहूनच. पण सभागृहात बहुमत दुसऱ्या गटाचं आलं की थेट नगराध्यक्षाचा प्रत्येक ठराव अडू शकतो, हेही विसरू नका.

हीच अडचण दिल्लीत कितीतरी मोठी होईल. कोट्यवधी मतं घेऊन आलेला राष्ट्रपती पंतप्रधानांच्या सल्ल्यानं का चालेल? घटना समितीत नेहरूंनी थेट निवडीविरुद्ध हाच मुद्दा मांडला होता.

थेट निवडीच्या बाजूनं अमेरिकेचा दाखला देतात. तिथंही अध्यक्ष अखेर ५३८ निर्वाचकांच्या, म्हणजे मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या, मतांनी ठरतो, मात्र ते निर्वाचक आता जवळपास नावापुरते उरलेत. खरा फरक उमेदवार ठरवण्यात आहे. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या ह्यूबर्ट हम्फ्री यांना पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका न लढवता उमेदवारी मिळाली, शिकागोच्या अधिवेशनात मोठा गदारोळ झाला आणि १९७२ पासून नियम बदलून हा अधिकार पुढाऱ्यांच्या खोलीतून मतदारांकडे गेला. दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण उमेदवाराबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांचं मत मागं पडलं. पडद्यावर जो ठसतो आणि पैसा उभा करतो, त्याचं पारडं जड झालं. शिवाय चुकीचा माणूस निवडला तर महाभियोगासाठी सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर एकाही अध्यक्षाला त्या मार्गानं पदावरून काढता आलेलं नाही.

आपल्याकडची चाळणी कागदावर फार चांगली आहे. राष्ट्रपती निवडताना आमदार-खासदार गुप्त मतदान करतात, पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा आदेश, चालत नाही. १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीनं मत द्यायला सांगितलं आणि दुसऱ्या पसंतीच्या मतमोजणीत व्ही. व्ही. गिरी निवडून आले. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवणारे के. आर. नारायणन याच चाळणीतून आले. पण २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही करणारे फख्रुद्दीन अली अहमदही याच चाळणीतून आले. चाळणी तीच, मग फरक कशानं पडतो? उमेदवाराचं नाव पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि ज्यांच्या हातात मत आहे ते त्याला पारखतच नाहीत. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

म्हणून राष्ट्रपतीसाठी मी आजच्याच पद्धतीच्या बाजूनं आहे. नगराध्यक्षाला गाव जवळून ओळखतं, तसं राष्ट्रपतीच्या उमेदवाराला जवळून ओळखण्याची संधी आमदार-खासदारांनाच असते. ती ओळख त्यांनी मत देताना वापरावी, एवढा आग्रह आपण धरू शकतो. पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. मत गुप्त असलं तरी प्रश्न विचारायला बंदी नाही. तुमच्या मतदारसंघाचा आमदार त्याआधी भेटला, तर उमेदवाराची पारख कशावरून करणार, हे त्याला विचाराच.