भाकरी न सोडता साडेसहा किलो: साताऱ्यातील एका आहारसल्ला केंद्राचा अनुभव

साताऱ्यात पोवई नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका आहारसल्ला केंद्रात मी गेल्या वर्षी जूनपासून सहा महिने नियमित जात होते. माझे वय 47, उंची 160 सेंटीमीटर आणि सुरुवातीचे वजन 78 किलो होते. शेवटच्या भेटीत वजन साडेएकाहत्तर किलो भरले आणि कंबरेचा घेर 96 सेंटीमीटरवरून 89 वर आला. सहा महिन्यांत साडेसहा किलो हा आकडा जाहिरातीत शोभणारा नाही, हे मला मान्य आहे. तरीही हे केंद्र मला मनापासून आवडले, कारण या काळात आमच्या स्वयंपाकघरातून एकही पदार्थ हद्दपार झाला नाही.

हे महत्त्वाचे का वाटले, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दोन वर्षांपूर्वी मी पैसे भरून एक ऑनलाइन कार्यक्रम घेतला होता. त्यात भात, भाकरी, चपाती, फळे, डाळी सारे बंद आणि पनीर, अंडी, लोणी एवढ्यावरच 21 दिवस काढायचे होते. पहिल्याच आठवड्यात काटा तीन किलोंनी खाली आला, तेव्हा मी शाळेतल्या सगळ्या सहकाऱ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते. पुढे बद्धकोष्ठता सुरू झाली, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचेपर्यंत पाय गळून जाऊ लागले, विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले, आणि भाकरी पुन्हा सुरू केल्यावर चार महिन्यांत गेलेले सर्व वजन दोन किलो व्याजासह परत आले.

त्या तीन किलोंचे गणित या केंद्रातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला कागदावर मांडून दाखवले. पिष्टमय पदार्थांतून मिळणारी साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. भाकरी-भात एकदम बंद केला की हा साठा रिकामा होतो आणि त्याबरोबरचे पाणीही निघून जाते. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. म्हणजे आठवड्यात तीन किलो चरबीच जळायची असेल, तर रोज 3,300 कॅलरींची तूट पडायला हवी. मी दिवसभरात खातच नाही इतके. ज्याचे मी कौतुक करत होते ते बहुतांशी पाणी होते, हे त्या दिवशी कळले आणि फार वाईट वाटले.

पहिल्या भेटीला येताना त्यांनी एक विचित्र वाटावी अशी सूचना दिली होती: "ताई, तुमच्या घरातली रोजची आमटीची वाटी, तेलाची पळी आणि एका भाकरीला घेता तेवढे पीठ डब्यात घालून घेऊन या." त्यांनी ते पीठ छोट्या काट्यावर ठेवले आणि आकडा आला 90 ग्रॅम. म्हणजे एका भाकरीच्या जवळजवळ 300 कॅलरी, आणि मी रात्री अडीच भाकऱ्या खात होते! त्यांनी भाकरी सोडायला सांगितले नाही. पिठाचा गोळा 60 ग्रॅमचा घ्या, दोन भाकऱ्या खा आणि त्याआधी एक वाटी कोशिंबीर व पालेभाजी संपवा, एवढेच सांगितले. पहिले चार-पाच दिवस थापताना हात आपोआप मोठा गोळा उचलत असे. नंतर डोळ्यांना तो लहान गोळाच बरोबर दिसू लागला.

तेलाचा हिशेब तर मी कधी केलाच नव्हता. आमच्या चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत असे आणि मला तो काटकसरीचाच वाटे. प्रत्यक्षात ते माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 2,000 कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरले आहे. शिवाय आपल्याकडे भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत मूठमूठ शेंगदाण्याचे कूट पडते, त्यातले तेल वेगळेच. आता साडेतीन लिटर तेल आणून ते महिनाभर पुरवते आणि कूट चमच्याने मोजून घालते. रविवारच्या रश्श्यावर कट दिसतो, पण तरंगत नाही. यजमानांनी दोन रविवार तक्रार केली, तिसऱ्या रविवारी केली नाही.

चहा आणि पेढे हा माझा खरा कच्चा दुवा होता. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 25 ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले असे सांगते. साताऱ्यातल्या शिक्षक-खोलीत वाढदिवस, बढती, निकाल, नवी गाडी अशा प्रत्येक निमित्ताने कंदी पेढ्यांचा बॉक्स फिरतो, हे निराळेच. चहा दोन कपांवर आला; पेढा हातात आला तर अर्धा खायचा आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घ्यायचा, असे ठरले.

प्रथिनांसाठी पावडरचा डबा विकण्याचा प्रयत्न तिथे कुणी केला नाही, याचा मला विशेष आदर वाटतो. कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्यासारखे कडधान्य), ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो आमच्या घरी पाहुणे आले की शिजत असे. आता आठवड्यातून दोनदा शिजतो. सकाळी पोह्यांबरोबर वाटीभर मटकीची उसळ असते. श्रावणात साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरईचा भात आणि काकडीची कोशिंबीर सुचवली गेली, आणि उपवास मोडल्याची भावना न येता तो महिना पार पडला.

सल्ला देण्याआधी त्यांनी थायरॉइड आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची (एचबीए1सी) तपासणी करून घ्यायला लावली. त्यात माझा आकडा 6.1 टक्के होता, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आता 5.8 आहे. माझ्यासमोरच एका मधुमेही गृहस्थांना, गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करायचे नाही, असे त्यांनी बजावून सांगितले.

उणिवा आहेत. केंद्र शनिवार वगळता संध्याकाळी पाचला बंद होते, त्यामुळे नोकरदारांची ओढाताण होते. तीन महिन्यांचे साडेतीन हजार रुपये एकदम भरावे लागतात. हप्त्यांची सोय असती, तर आमच्या शाळेतल्या सेविकाताईंनाही जाता आले असते. व्यायामाबद्दल आठवड्याला 150 मिनिटे चाला यापलीकडे मार्गदर्शन नाही. माझे गुडघे दुखत असताना अजिंक्यताऱ्याची चढण चालावी की सपाट रस्त्यानेच जावे, हे मला शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे लागले.

जाणार असाल तर शनिवारची वेळ आधी फोन करून घ्या, जुने तपासणी अहवाल जवळ ठेवा आणि पीठ नेताना अंदाजाने कमी भरू नका. घरात रोज जेवढे घेता तेवढेच न्या.