शल्यविभागाचा अनुभव : घाई न करता केलेली शस्त्रक्रिया
डायव्हर्टिक्युलायटिसमुळे (मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या पिशव्यांना आलेल्या सुजेमुळे) माझ्या मोठ्या आतड्यालगत गळू झाले, तेव्हा या शल्यविभागाने शस्त्रक्रियेची घाई न करता अँटिबायोटिक देऊन आणि त्वचेतून नळी घालून पू काढला, व ६ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने आतून तपासणी) करून कर्करोग नसल्याची खात्री करून घेतली. पुढे लघवीतून हवेचे बुडबुडे येऊ लागले. आतडे आणि मूत्राशय यांच्यात वाट तयार झाल्याचे ते लक्षण होते, म्हणून मी शस्त्रक्रियेला होकार दिला. तात्पुरता स्टोमा (मल बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेले छिद्र) करावा लागू शकतो, हे आदल्या दिवशी पोटावर पेनने खूण करून शांतपणे समजावले गेले. सुदैवाने तो लागला नाही. दुसऱ्याच दिवशी परिचारिकेने, खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायला शिकवून, मला चालवले. घरी सोडताना मात्र थकवा कित्येक आठवडे टिकू शकतो हे कोणीच सांगितले नाही, ही उणीव मला फार जाणवली.